जुन्या मराठी सीडी फेकू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून मी ३१ वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. जांबोटी रस्त्यावरून आत गेलं की आमचं गाव. दिवेलागणीच्या वेळी आमच्या पडवीत पहिली ते चौथीची दहा-बारा मुलं पाटी-दप्तर घेऊन येतात. फी नाही, परीक्षा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला बसवायचं, एवढंच मी करते. या मुलांच्या हातातून एक चांगली गोष्ट निसटली आणि ती परत मिळवायला मला चार वर्षं लागली. अजूनही ती पुरती मिळालेली नाही. आपल्या पत्राच्या वाचकांपैकी कुणीतरी मदत करू शकेल, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं तर क्षमा असावी.

फार वर्षांपूर्वी कोल्हापुरात शैक्षणिक साहित्याच्या एका प्रदर्शनातून मी एक सीडी घेतली होती. अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरं, बेरीज-वजाबाकी, असे सगळे मिळून ३८ छोटे धडे. शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे सीडी कपाटातच राहिली. २०१२ च्या उन्हाळ्यात पुण्याचा पुतण्या गावी आला, त्याने मला ७ इंची टॅब आणून दिला, सीडीतल्या फाइली त्याच्या आत उतरवल्या आणि फ्लॅश प्लेअर म्हणून एक गोष्ट घालून दिली. "काकी, हे प्लगइन आहे म्हणून चालतंय, काढू नका," एवढं सांगून तो गेला. प्लगइन म्हणजे ब्राउझरला बाहेरून लावलेला जोड. ब्राउझरला जे स्वतःला दाखवता येत नाही ते तो जोड दाखवतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्या धड्यांत काय होतं ते सांगितल्याशिवाय माझी तळमळ कळायची नाही.

आमच्या भागातली मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत मराठीबरोबर कन्नडही शिकतात. बसची पाटी, दुकानाची पाटी, रेशनचा कागद, सगळीकडे कन्नड लिपी डोळ्यांसमोर. त्याला माझी हरकत नाही. दोन लिप्या येणारं मूल श्रीमंतच म्हणायचं. पण जोडाक्षरांपाशी दोन लिप्यांची गाठ पडते. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण लिहायचं आणि दुसरं त्याच्या पायाशी छोटं करून टांगायचं, त्याला ते वत्तक्षर म्हणतात. मराठीत बरोबर उलटं. पहिल्या अक्षराची काठी काढायची, त्याला अर्धं करायचं आणि दुसऱ्या पूर्ण अक्षराला चिकटवायचं. म्हणून आमच्याकडचं दुसरीतलं मूल 'पुस्तक' लिहिताना पूर्ण स काढतं आणि त्याच्या खाली चिमुकला त टांगतं. मूल मठ्ठ नसतं. त्याने एका लिपीचा नियम नीट शिकलेला असतो आणि तो दुसरीला लावलेला असतो. रफाराचंही तसंच. कन्नडमध्ये ती खूण अक्षराच्या नंतर येते, आपल्याकडे ती पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. 'सूर्य' लिहिताना कितीतरी मुलं य लिहून झाल्यावर त्याच्या शेजारी काहीतरी शेपूट काढताना मी पाहिली आहेत.

फळ्यावर हे शिकवताना माझा घसा बसायचा. त्या सीडीतल्या जोडाक्षरांच्या धड्यात मात्र पडद्यावर मोठा स असायचा. मुलाने त्याच्या काठीवर बोट ठेवलं की काठी सुटून खाली पडायची, टक्क असा आवाज व्हायचा. उरलेला अर्धा स बोटाने ओढत त पर्यंत न्यायचा. जवळ नेला की दोघं चिकटायचे आणि एका बाईंचा स्वच्छ आवाज यायचा, "स्त". पूर्ण स तसाच नेऊन त च्या डोक्यावर ठेवायला गेलं तर तो परत आपल्या जागी जाऊन बसायचा. रागावणं नाही, लाल फुली नाही. मूल पुन्हा काठीकडे वळायचं. माझ्या पडवीत एक मुलगा होता, तिसरीत जाऊनही त्याला वाचता येत नव्हतं. तो दोन संध्याकाळ नुसती काठी पाडत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पाटीवर 'रस्ता' लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली. काही बोलला नाही.

सात पावसाळे तो टॅब चालला. त्याचं कारणही मला आता माहीत आहे. मोबाइल आणि टॅबच्या ब्राउझरसाठी फ्लॅश पुढे बनवणार नाही, असं अडोबी कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्येच जाहीर केलं होतं आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून गुगलच्या प्ले स्टोअरमधून नव्याने घेणाऱ्यांना ते मिळणं बंद झालं. म्हणजे आम्ही शाळेत झेंडावंदन करत होतो त्या दिवशी ती खिडकी मिटली. पुतण्याने दोन-तीन महिने आधी ते घातलं होतं म्हणून आमच्या टॅबमध्ये ते राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इकडे पूर आला, वीज जाऊन बसली. त्याच पावसाळ्यात टॅबची बॅटरी फुगली आणि पाठ उचकटून वर आली. दुरुस्तीवाल्याने हात लावायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं, फुगलेली बॅटरी पेटू शकते.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मी साठवलेल्या पैशांतून नवा टॅब घेतला. जुन्यापेक्षा मोठा, वेगवान. मुलं लांब लांब बसली होती, तोंडाला रुमाल बांधून. त्या धड्यांसारखेच धडे महाराष्ट्रातल्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर होते, ते मी उघडले. पडद्याच्या मधोमध राखाडी चौकोन आणि त्यात इंग्रजीत एक ओळ, हे प्लगइन चालत नाही.

"बाई, चित्र यीना की ओ," एक मुलगी म्हणाली.

मी टॅब बंद करून चालू केला. दोनदा केला. चित्र आलं नाही.

फ्लॅश बंद झालं हे चुकीचं झालं, असं मी म्हणणार नाही. मी त्याबद्दल जमेल तेवढं वाचलं आहे. १९९६ पासूनची ही गोष्ट, मॅक्रोमीडिया कंपनीने वाढवली आणि २००५ मध्ये ती कंपनीच अडोबीने घेतली. त्यात सुरक्षेच्या फटी पुन्हा पुन्हा सापडत राहिल्या, बॅटरी खायचं, आणि मुळात ते माउससाठी बनलेलं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये एक उघडं पत्र लिहून आयपॅड आणि आयफोनमध्ये आपण फ्लॅश का घेत नाही ते सांगितलं होतं. त्यातला एक मुद्दा मला माझ्या पडवीत पटला होता. फ्लॅशमधल्या पुष्कळ गोष्टी माउसचा बाण नुसता वरून फिरवल्यावर चालायच्या. बोट तसं अधांतरी फिरवता येत नाही, ते टेकतं तरी किंवा टेकत नाही. आमच्या सीडीत एक चिमणी होती, बाण तिच्यावर नेला की बोलणारी. टॅबवर ती सात वर्षांत कधी बोलली नाही. मुलं तिला मुकी चिमणी म्हणायची. मग अडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० च्या अखेरीस फ्लॅश पूर्ण बंद. ३१ डिसेंबर २०२० ला त्याची देखभाल थांबली आणि १२ जानेवारी २०२१ पासून, जिजाऊ जयंतीच्या दिवसापासून, कॉम्प्युटरवरच्या फ्लॅश प्लेअरनेही फाइली चालवायचं नाकारलं. म्हणजे साडेतीन वर्षांची मुदत दिली होती. इंग्रजीतल्या मोठ्या संस्थांनी त्या मुदतीत आपली कामं नव्या पद्धतीत, एचटीएमएल ५ मध्ये, बदलून घेतली. मराठीत ज्यांनी प्रेमाने हे धडे बनवले होते त्यांतल्या कित्येकांनी नाही घेतली. माझं दुःख तिथे आहे.

यातून वाट काढताना मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारखे अजून कुणी चाचपडत असतील.

पहिला सल्ला मोबाइलच्या दुकानात मिळाला, नेटवर फ्लॅश प्लेअर शोधा आणि घाला. कृपा करून कुणी हे करू नका. आज फ्लॅश प्लेअर नावाने जे नेटवर फुकट मिळतं त्यात फसवणुकीचे प्रोग्राम भरपूर. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने असंच काहीतरी घातलं आणि त्याच्या फोनवर दर मिनिटाला जाहिराती येऊ लागल्या. शेवटी सगळा फोन पुसून काढावा लागला, त्यात त्याच्या आजीचे फोटो गेले.

दुसरी वाट एका ब्राउझरची होती. तो पान लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उघडतो, फ्लॅश तिथेच चालवतो आणि आपल्याकडे नुसतं चित्र पाठवतो. युक्ती चांगली. पण आमच्याकडे आषाढात नेट म्हणजे पाहुणा. बोटाने काठी पाडली की चार-पाच सेकंदांनी ती पडायची. तोवर मुलाने बोट तीनदा आपटलेलं असायचं.

तिसरी वाट माझ्या बहिणीच्या नातीने दाखवली. ती बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिने रफल नावाचं एक साधन दाखवलं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट, आणि ज्याचा आतला मजकूर कुणालाही बघता येतो असं. ते फ्लॅशचं प्लगइन नाही. फ्लॅशच्या फाइलीत जे लिहिलेलं आहे ते स्वतः वाचून आजच्या ब्राउझरला समजेल अशा रीतीने करून दाखवणारा तो दुभाषा आहे. आमच्या भागातल्या माणसाला दुभाषा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, तहसीलदार कचेरीत उभं राहिलं की त्याची किंमत कळते. रफलच्या संकेतस्थळावर एक पान आहे, ते टॅबवर उघडायचं आणि आपल्या टॅबमधली फ्लॅशची फाइल, म्हणजे नावाच्या शेवटी एसडब्ल्यूएफ असलेली, निवडायची. फाइल आपल्या टॅबमध्येच चालते. पान एकदा नीट उघडलं की मध्येच नेट गेलं तरी खेळ थांबत नाही. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट.

पण फाइली होत्या कुठे? जुन्या टॅबबरोबर गेल्या. सीडी होती. घरात सीडी वाचणारं यंत्र नव्हतं. नव्या लॅपटॉपना ती खाचच नसते. शेवटी बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात लग्नपत्रिका करणारे एक डीटीपीवाले आहेत, त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर सापडला. सीडी पाकिटातून काढली तर कडेला पांढरट जाळी आलेली. खानापूरच्या पावसात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, सीडी काय टिकणार. त्यांनी मऊ फडक्याने मधून कडेकडे अशी पुसली, गोल फिरवून पुसायची नाही म्हणाले, ओरखडा पडला तर वाचणं जातं. ३८ पैकी ३५ फाइली उतरल्या. शेवटच्या ३ उतरल्या नाहीत. सीडीवर मजकूर आतून बाहेर भरत जातो, आणि बुरशी कडेला होती.

त्या ३५ मधल्या ३१ रफलमध्ये चालल्या. उरलेल्या ४ सुरुवातीच्या पट्टीवरच अडकून राहतात. नातीचं म्हणणं, २००६ मध्ये फ्लॅशची आतली भाषा बदलली. आधीच्या भाषेतलं रफल जवळजवळ सगळं चालवतं, नंतरच्या भाषेतलं काही अजून अडतं, पण काम चालू आहे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही त्या ४ फाइली पुन्हा उघडून बघतो.

पहिल्या संध्याकाळी काठी पडली, टक्क आवाज आला, बाईंचा आवाज आला. माझे डोळे भरून आले हे लिहायला मला संकोच नाही.

त्यात एक घोटाळा मात्र आठवडाभर चालला. बेरजेच्या धड्यात मुलाने उत्तर दाबलं की खाली लाल अक्षरांत काहीतरी विचित्र उमटायचं. डॉलरची खूण, टक्क्याची खूण, दोन कंस, मध्येच इंग्रजी अक्षरं. मुलं ते बघून घाबरायची. "चुकलं बाई," म्हणून पुन्हा दुसरं उत्तर दाबायची. मीही समजले की रफलला हा धडा झेपत नाही. पुढच्या फेरीत टॅब घेऊन पुन्हा खडेबाजारात गेले आणि डीटीपीवाल्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि वर्तमानपत्राची बातमी वाचावी तसं सहज वाचलं, "शाब्बास! उत्तर बरोबर."

त्यांचं सगळं आयुष्य त्या जुन्या फाँटमध्ये गेलेलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी मराठी टाइप करायची म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फाँट कॉम्प्युटरवर असला तर 'शाब्बास' दिसतं, नसला तर त्या जागेवरचं मूळ इंग्रजी चिन्ह दिसतं. ज्या धड्यांत अक्षरांचे आकारच फाइलीत भरून ठेवले होते ते सगळे नीट दिसतात. जिथे बनवणाऱ्याने फाँटवर विसंबून ठेवलं तिथे असा गोंधळ. म्हणजे आमची मुलं आठवडाभर बरोबर उत्तरं देत होती आणि मिळालेली शाबासकी चूक समजून उत्तर बदलत होती. मी घरी येऊन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, अशा खुणा आल्या की शाब्बास. आता मुलं ती डॉलर-टक्क्याची ओळ आली की टाळ्या पिटतात.

ज्या संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्वी असे पुष्कळ धडे होते तिथे आता ते पान उघडलं की 'लवकरच नव्या स्वरूपात' एवढीच ओळ येते. कितीतरी वर्षं तीच ओळ. मी त्यांना दोन पत्रं लिहिली, मग फोन केला. बोलणारे गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, मूळ फाइली ज्याने बनवल्या तो मुलगा नोकरी सोडून गेला, त्या कुठल्या कॉम्प्युटरवर आहेत ते सापडत नाही, आणि आता यूट्यूबवर मराठी व्हिडिओ आहेत ना, ते मुलांना दाखवा. मी त्यांना इथे जाहीर सांगते, व्हिडिओत काठी दुसरंच कुणी पाडतं. मूल बघत बसतं. बघून झालं की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि पाच मिनिटांनी पडद्यावर जोडाक्षर नसतं, भलतंच काहीतरी नाचत असतं. ज्या मुलाच्या हाताला दुसऱ्या लिपीचं वळण लागलंय त्याच्या हातानेच नवं वळण घ्यावं लागतं. ते डोळ्यांनी होत नाही.

दुसरी एक अडचण आमचीच आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांना कर्नाटकचा अभ्यासक्रम. पुस्तकं मराठीतली, पण महाराष्ट्रातल्या बालभारतीची नव्हेत. त्यामुळे महाराष्ट्रात नवीन जे काही डिजिटल बनतं ते इयत्ता आणि धडा यांच्या क्रमाने बनतं आणि आमच्या मुलांच्या पुस्तकाशी जुळत नाही. ते जुने धडे कुठल्याच पुस्तकाला बांधलेले नव्हते. क पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं पुण्यातही तीच आणि जांबोटीतही तीच. म्हणून ते आमच्या इतके उपयोगी पडले.

इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक परदेशी ना-नफा संस्था जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवते. नोव्हेंबर २०२० पासून तिने जुनी फ्लॅशची कामं रफलच्या मदतीने चालवून दाखवायला सुरुवात केली. नातीने तिथे महाराष्ट्रातल्या त्या संस्थेचं जुनं पान शोधलं आणि आम्हाला ९ धडे मिळाले. बाकीच्यांची नुसती नावं दिसतात, फाइल नाही. मराठी मुलांचे धडे सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी सांभाळले आणि आपल्या कपाटात ते बुरशीने गेले, हे मला रात्री झोपताना टोचतं.

आता ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती. ज्या संस्थांनी, शिक्षकांनी, छोट्या प्रकाशकांनी असे धडे बनवले होते त्यांनी फाइली पुसून टाकू नयेत. मूळ कामाच्या, एफएलए नावाच्या फाइली सापडल्या तर उत्तमच, त्यातून नव्याने बनवता येतं, 'शाब्बास' युनिकोडमध्ये लिहिता येतं. नाही सापडल्या तरी तयार एसडब्ल्यूएफ फाइली पुरेत. त्या पुन्हा संकेतस्थळावर ठेवून सोबत रफल बसवायचं तर पानात एक ओळ घालावी लागते, मी ती ओळ नातीने लिहिताना समोर बसून पाहिली आहे. खर्च नाही. तेही करायचं नसेल तर फाइली कुणाला तरी द्या, घेणारे आहेत. आणि परवानगी एका ओळीत लिहून द्या, म्हणजे आमच्यासारख्याला दुसऱ्या शाळेला प्रत देताना चोरी केल्यासारखं वाटणार नाही.

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर भागातल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या कपाटात, शाळेच्या ट्रंकेत, नवऱ्याच्या जुन्या बॅगेत असल्या सीडी असतील. या पावसाच्या आधी बाहेर काढा. गावात एखाद्या झेरॉक्सच्या नाहीतर डीटीपीच्या दुकानात सीडीचं यंत्र अजून असेल, पुढच्या दोन-चार वर्षांत ते भंगारात जाईल. फाइली पेनड्राइव्हवर उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. चालतात की नाही ते नंतर बघू. कुणाला टॅबवर चालवून बघायला जमत नसेल तर माझ्याकडे या. रविवार सोडून रोज संध्याकाळी मी पडवीतच असते, वेळ जाईल पण दाखवीन.

शेवटी माझ्यापुरतं एक मागणं. माझ्या सीडीच्या वेष्टनावर पिवळ्या रंगात पाटी आणि पेन्सिलचं चित्र आहे, आत ३८ धडे. जोडाक्षरांच्या धड्यात स ची काठी पडते, त्यावरून ओळखू येईल. तीच सीडी कुणाकडे असेल तर कृपया आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी येऊन प्रत करून घेईन आणि सीडी त्याच दिवशी परत देईन. माझ्याकडे न उतरलेल्या ३ फाइली म्हणजे ३६, ३७ आणि ३८. त्यांतली ३७ क्रमांकाची रफाराची आहे. या वर्षी दुसरीतली ४ मुलं 'सूर्य' पाशी अडली आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव